कट केला म्हणजे खुशाल

फोन लावला आणि समोरच्यानं तो उचलला, की कुणालाही बरं वाटतं. माजलगावच्या जिनतचं उलटं. समोरच्यानं फोन कट केला की तिला बरं वाटतं. कुणी उचलला तर तिच्या कपाळाला आठी पडते, आणि नुसताच वाजत राहिला तर काळजात धस्स होतं. आता तुम्ही म्हणाल, पोरगी वेडी आहे का काय? वेडी नाही. हट्टी आहे, फटकळ आहे, आणि भीड नावाची चीज तिच्या वाटणीला आलेलीच नाही. पण वेडी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिचे अब्बा युसूफभाई मोटारी भरतात. विहिरीवरच्या, कॅनॉलवरच्या जळालेल्या मोटारींची जुनी तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. दुकान बसस्टँडच्या मागं, आणि दुकानाच्या माडीवर जिनतचा कॉम्प्युटर. बीडला शिकली, पुण्यात नोकरी केली आणि एक दिवस बॅग उचलून परत आली. गल्लीतल्या बायांनी विचारलं, "परत कावून आली गं?" तर म्हणाली, "तुमच्या घरी ऱ्हायला आले का?" संपला विषय.

आली ती नानीपायी. नानी म्हणजे आईची आई, आमिनाबी. चकलांब्याला एकटी राहायची. माय-लेकीचा एक ठरलेला रिवाज होता. जिनतची अम्मी रोज सकाळी नानीला फोन लावायची, नानी तो जरा वाजू द्यायची आणि कट करायची. बोलायचं नाही. कट केला म्हणजे खुशाल. हा रिवाज एकट्या नानीचा नव्हता, चकलांब्यात घरोघरी तोच. फोनवर बोलायला पैसे पडायचे त्या दिवसांतली सवय. पुढं बोलणं फुकटात जमा झालं तरी म्हाताऱ्यांनी सवय सोडली नाही. "बोलायला काय हाय? जित्ती हाय, एवढंच सांगायचं ना?" असं त्यांचं म्हणणं.

तर एक दिवस नानीनं फोन कट केला नाही. वाजून वाजून थांबला. अम्मीला वाटलं, कुठं लग्नाला गेली असेल, फोन घरी राहिला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाळी होऊन गेली होती, अर्धं गाव उसाला गेलेलं, गल्लीत दारोदार कुलपं. शेवटी शेजारच्या दगडाबाईनं कडी वाजवली, दार ढकललं, आणि मग माजलगावला निरोप आला. नानी आदल्याच दिवशी गेली होती.

सगळे म्हणाले, यात कुणाची चूक नाही. जिनतला त्याचाच संताप आला. कुणाचीच चूक नाही म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाची नानी अशीच जाणार आणि पुन्हा सगळे हेच म्हणणार! ती पुण्याची नोकरी सोडून आली आणि माडीवर जाऊन बसली.

तिनं काय केलं ते सांगतो, अवघड नाही. चहाच्या हॉटेलात पुढं गिऱ्हाईक असतं आणि मागं एक जण भट्टी बघत असतो. गिऱ्हाईकाला तो दिसत नाही. पण त्यानं ठरल्या वेळी भट्टीकडं बघितलं नाही, की पुढं सगळ्यांचा चहा थंड. जिनतच्या प्रोग्रॅमचं तसंच आहे. पुढं ऊसतोड करणारी पोरं. ती फडातून मेसेज टाकतात, "आई?" आणि त्यांना लगेच उत्तर जातं, "सकाळी कट केला, खुशाल." एकाच वेळी कितीही जणांनी विचारलं तरी कुणाला ताटकळावं लागत नाही. आणि मागं, कुणाच्या नजरेत न येता, ठरल्या वेळेला फेरी निघते. गावातल्या म्हाताऱ्यांना एकेक रिंग जाते. कट केला तर खुशाल. फोन बंद असेल तर थोड्या वेळानं पुन्हा. नुसताच वाजत राहिला तर लवकरच आणखी एकदा, आणि तरीही वाजतच राहिला तर लेकाला निरोप.

पण पहिल्या वर्षी पोरगी तोंडावर आपटली. तिनं फेरी एकच ठेवली होती. दगडाबाई झाली की बायनाबाई, बायनाबाई झाली की पुढची, अशी एकामागं एक. आणि बायनाबाई म्हणजे कोण, तर चकलांब्यातली एकुलती एक बाई, जी फोन उचलते! तिला रिवाज-बिवाज माहीत नाही. फोन वाजला की तिला उकळ्या फुटतात. तिनं उचलला आणि सुरू केलं. गुडघ्यापासून सुरुवात, मग सुनेवर, सुनेवरून सुनेच्या माहेरावर. पलीकडून कुणी हूं की चूं करत नाही याचं तिला काही नाही. उलट इतकं शांतपणे ऐकणारं माणूस तिला जन्मात भेटलं नव्हतं. फेरी तिच्यापाशी अडकली. तिच्या मागचं सगळं गाव खोळंबलं. कुणाला रिंगच गेली नाही, म्हणून कुणी कट केला नाही. आणि कट केला नाही म्हणून प्रोग्रॅमनं फडाफडातून निरोप धाडले, तुमची आई फोन घेत नाही, तुमचा बाप फोन घेत नाही!

फेरी बायनाबाईपासून सुटेना, म्हणून पुढच्या वेळेला दगडाबाईचीही पाळी हुकली. तिचा लेक गहिनीनाथ आणि सून वनमाला कोयते टाकून माजलगाव धरणाच्या पट्ट्यातून गावाकडं धावले. घरी येऊन बघतात तर म्हातारी दारात बसून तूर निवडतेय. तिनं लेकाला असं फैलावर घेतलं, की सगळी गल्ली गोळा झाली. "मला मारायला निघालास का रं मुडद्या? अजून लई वरसं हायेत माझी!"

जिनत दुसऱ्याच दिवशी चकलांब्याला गेली, दारोदार हात जोडले आणि येऊन माडीवर पुन्हा बसली. रडली नाही. रडायला वेळ कुठं होता? तिनं ती एक फेरीच मोडून टाकली. प्रत्येक म्हातारीच्या नावानं एक वेगळं काम. त्यानं आपल्या वेळेला उठायचं, रिंग द्यायची, ठरलेला वेळ वाट बघायची आणि फोन ठेवून पुन्हा झोपायचं. आता बायनाबाई बोलत बसली तर तिच्यापुरतं थांबेल, बाकीचं गाव थांबणार नाही. मग कळलं, की सगळी कामं एकदमच उठतात आणि चकलांब्यातले सगळे फोन एकाच वेळी ठणाणा करतात. म्हणून तिनं वेळा मागंपुढं सरकवल्या. आणि सगळ्यात शेवटी तिनं या सगळ्यांवर एक राखणदार बसवला. एखादं काम आतल्या आत मरून पडलं तर बाहेर कुणाला कळत नाही, बाकी सगळं झ्याक चाललेलं असतं. राखणदारानं मधूनमधून प्रत्येकाला हाक मारायची आणि ओ देत नसेल तर जिनतला उठवायचं. मुकाट मरून पडणं हा प्रकार तिला कॉम्प्युटरातसुद्धा सहन होत नव्हता.

यंदा हंगाम सुरू झाला आणि एका दुपारी सुग्रीव मुकादम दुकानात आला. टोळ्या जमवून कारखान्याकडं नेणारा माणूस, पांढरे कपडे, पायात कोल्हापुरी. धरणाखाली त्याचा ऊस, त्याच्या भावकीचा ऊस. युसूफभाईंच्या दुकानात येणाऱ्या अर्ध्या मोटारी त्याच्या शब्दावर यायच्या. जिनत खाली आली तेव्हा तो अब्बांच्या खुर्चीत बसलेला आणि अब्बा उभे. तिथंच तिचं डोकं फिरलं.

"युसूफभाई, पोरगी हुशार हाय तुमची," तो म्हणाला. "पण गेल्या साली हिच्या त्या यंत्रानं माझा फड बसवला. ट्रक उभा, पोरं गावाकडं."

"चूक माझी होती काका," जिनत म्हणाली. "दुरुस्त केली. आता तसं होत न्हाई."

"बरं केलं. आता अजून एक कर. माझ्या टोळीच्या माणसांचा निरोप त्यांना नको देऊ. मला दे. मी बघंन, कुणाला सांगायचं, कवा सांगायचं."

"म्हंजे त्यांची आई पडली तर तुमी ठरवणार, त्यांना कवा कळायचं?"

"फड माझा हाय पोरी."

"आई त्यांची हाय ना काका? मग त्यांनी तुमच्या ओंजळीनं कावून पाणी प्यावं?"

मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उठला, अब्बांकडं बघून म्हणाला, "भाई, मोटारी भरणारी लई दुकानं हायेत माजलगावात," आणि गेला. अब्बा तारेचं बंडल उचलून कामाला लागले. त्यांची ती चुप्पी जिनतला मुकादमाच्या धमकीपेक्षा जास्त लागली.

आठवडाभरात मुकादमानं आपला हिसका दाखवला. टोळीतल्या एकेकानं जिनतचा नंबर ब्लॉक केला. करणार काय? मुकादमाचा शब्द मोडला तर पुढच्या हंगामाला कुणी टोळीत घेत नाही. गहिनीनाथानं निदान आधी फोन तरी केला. बिचाऱ्याचा आवाज खाली गेलेला. "ताई, आईचं नाव काढून टाका. मुकादम म्हंत्यात, घरचं काय आसंल ते आमी सांगू."

काढायचं म्हटलं तर सोपं होतं. दगडाबाईच्या नावाचं काम थांबवायचं, एक ओळ, एक बटण. जिनतचा हात तिथवर गेला आणि थांबला. मग तिनं स्कूटी काढली आणि सरळ चकलांबा गाठलं.

दगडाबाई चुलीपुढं होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोन कुणाचा?"

"तुमचा."

"जीव कुणाचा?"

"तुमचाच, मावशी."

"मग गहिन्या कोण काढणार? वाजव तू. तुझ्या नानीच्या दाराची कडी मी वाजवली ती उशिरा वाजवली, ते माझ्या मनातून अजून जात न्हाई. माझ्या दाराची उशिरा नगं वाजाया."

जिनतचे डोळे भरून आले. पण तिनं कामाचंच विचारलं. "निरोप कुणाला द्यायचा मग? लेकाला तर जाणार न्हाई."

दगडाबाईनं बराच विचार केला. शेजारी एकच घर उघडं होतं, बायनाबाईचं. आणि दोघींचा कोंबडीवरून अबोला होता. "त्या बायनीला सांग," ती शेवटी म्हणाली. "ती दारात आली तर मी रागानं तरी उठून बसंन."

मग संक्रांतीच्या आधीच्या थंडीत एका सकाळी दगडाबाईचा फोन वाजला आणि वाजतच राहिला. थोड्या वेळानं पुन्हा लागला, पुन्हा वाजतच राहिला. प्रोग्रॅमनं बायनाबाईला फोन लावला. बायनाबाईनं सवयीप्रमाणं उचलला आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. पलीकडून जिनतचाच आवाज भरून ठेवलेला होता, "दगडाबाई फोन कट करत नाहीत. जाऊन बघा." आणि जन्मात पहिल्यांदा बायनाबाईनं वाक्य अर्ध्यावर सोडून फोन ठेवला.

तोच निरोप जिनतलाही आला होता. ती उभ्यानंच वाट बघत राहिली. फोन आला तेव्हा बायनाबाई धापा टाकत होती. "मोरीत पडलीय. खुब्यातून पाय गेला. पर जित्ती हाय गं! मला शिव्या देतीय, कोंबडीचं काढलंय!"

गावातल्या माणसांनी जीप केली, दगडाबाईला बीडला नेलं. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करावं लागेल, म्हातारं माणूस आहे, थंडीत पडून होती, घरच्या माणसाला बोलवा. घरचं माणूस म्हणजे गहिनीनाथ, आणि गहिनीनाथाच्या फोनवर जिनतचा नंबर बंद. बायनाबाईनं लावून बघितला, तर नुसताच वाजत राहिला; फोन कोपीवर, चार्जिंगला. कोपी म्हणजे टोळीतल्या माणसांची झोपडी. माणूस फडात.

जिनतनं स्कूटीला किक मारली. अब्बा दुकानातून ओरडले, "जिनत, कुठं चाललीस?" तिनं सांगितलं. पुढं ते काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही, ती ऐकायला थांबलीच नाही.

फडात ट्रक भरायचं चालू होतं. पोरं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होती. मुकादम बांधावर उभा. जिनतला बघितलं आणि आडवा आला.

"गहिनीनाथभाऊला बोलवा काका. दगडामावशी पडल्यात."

"माहितीय मला," मुकादम म्हणाला. "सकाळीच आलता गावातून फोन. खुब्याचं हाड मोडलंय, जीव तर न्हाई गेला ना? ट्रक भरू दे. संध्याकाळी सांगतो त्याला."

सकाळीच! तिकडं म्हातारी वेदनेनं कण्हतेय, लेकाची वाट बघतेय, डॉक्टर खोळंबलेत, आणि हा माणूस ती बातमी खिशात घालून ट्रक भरतोय. नानीच्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. इथं माहीत होतं, आणि तरी दार लावून ठेवलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बांधालगत एक बैलगाडी सोडून ठेवलेली होती. जिनत तिच्यावर चढली, ओढणी कमरेला खोचली आणि आख्ख्या फडाला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"गहिनीनाथभाऊ! तुमची आई पडलीय! बीडला हाय, ऑपरेशनला तुमची वाट बघतेत! मुकादमाला सकाळपासून माहीत हाय!"

कोयते थांबले. फळीवरची पोरं मोळ्यांसकट जागच्या जागी उभी. गहिनीनाथ उसातून बाहेर आला, तोंडावर पाचटाचा कचरा, आणि तो जिनतकडं नाही, मुकादमाकडं बघायला लागला.

"खरं हाय का, मुकादम?"

"आरं, मी सांगणारच होतो बे. जरा ट्रक..."

"सकाळपासून?"

"आता गेलास तर परत येऊ नको, सांगून ठेवतो!"

यावर गहिनीनाथ बोलायच्या आत वनमाला पुढं आली. डोक्यावरची मोळी तिनं मुकादमाच्या पायापाशी आपटली, चुंबळ सोडून खांद्यावर टाकली. "ऊस हाय तो. पळून चाललाय का कुठं? सासू माझी पडलीय." आणि नवऱ्याला म्हणाली, "बघता काय? चला!"

टोळीतल्या एका पोरानं स्वतःची मोटारसायकल काढून दिली. मुकादम जिनतकडं वळला. "तुझ्या बापाच्या दुकानात आता एक मोटर येऊ देणार न्हाई!"

"नका येऊ देऊ," जिनत गाडीवरून उतरत म्हणाली. "पण काका, तुमच्या घरी कुणी म्हातारं असंल तर माझा नंबर असू द्या. तुमच्यासारखा मुकादम त्यांना भेटू नये."

फडात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणी कोयता उचलला, कुणी नाही. पण दोघा-तिघांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढलेले जिनतनं जाताना बघितले.

दुकानापाशी येईतो मात्र तिचा सगळा जोर उतरला होता. अब्बा दारातच होते. बातमी आधीच त्यांच्या कानावर आली असणार, माजलगावात काय झाकून राहतं? ती मान खाली घालून म्हणाली, "अब्बा, मोटारी बंद होतील आता."

युसूफभाईंनी हातातला हातोडा ठेवला. "पाणी लागतंय तवर मोटर जळणार, बेटा. मुकादमाला इचारून जळती का ती?" आणि पुढं म्हणाले, "त्या दिवशी मी उभा ऱ्हायलो त्याच्यापुढं. आता तो आला तर बसून बोलंन." जिनतला हसू आलं आणि रडूही आलं, आणि या खेपेला ती रडली.

ऑपरेशन झालं. चार दिवसांनी जिनत बीडला भेटायला गेली. दगडाबाई खाटेवर, पाय बांधलेला, तोंड मात्र मोकळं. बायनाबाई उशाशी बसून बोलत होती आणि दगडाबाई तिला मधूनमधून "गप गं बाई" म्हणत होती; अबोला कधी सुटला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. गहिनीनाथ उठून उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "ताई, आईचं नाव परत घाला. तुमचा नंबर मोकळा केलाय मी."

"काढलंच कवा होतं?" जिनत म्हणाली. "तुमच्या आईनं काढू दिलं न्हाई."

तेवढ्यात उशीखाली फोन वाजला. ठरलेली वेळ झाली होती. गहिनीनाथानं पटकन हात घातला, फोन काढला आणि उचलायला बोट पुढं केलं.

"उचलतोस कावून रं मुडद्या?" दगडाबाई खाटेवरून अर्धी उठलीच. कळ आली तशी तोंड वाकडं झालं, पण फोन तिनं लेकाच्या हातातून हिसकावून घेतला. जरा वाजू दिला. मग जिनतच्या डोळ्याला डोळा भिडवून, अंगठ्यानं जोर देऊन, तिनं तो कट केला.